कॉम्प्युटर चालू होतो, पण विंडोज उघडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "फॉरमॅट मारून टाकू". बहुतेक वेळा हा सल्ला घाईचा असतो. विंडोज उघडत नाही म्हणजे तुमचे फोटो, टॅलीचा डेटा किंवा मुलीचा प्रोजेक्ट गेला असं नाही. खालची उत्तरं विंडोज १० आणि ११ असलेल्या घरच्या आणि छोट्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरसाठी आहेत. लिनक्सचा एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

सगळ्यात आधी काय बघायचं?

तो नेमका कुठे थांबतो ते. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. जुन्या यंत्रांत ते बायोस असायचं, आता यूईएफआय असतं; बोलताना सगळे बायोसच म्हणतात. ते रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड वगैरे तपासतं आणि ठरलेल्या क्रमाने ड्राइव्ह शोधतं. ड्राइव्हवर एरवी न दिसणारं एक लहानसं पार्टिशन, म्हणजे वेगळा केलेला कप्पा, असतं, त्यात विंडोजचा बूट मॅनेजर बसलेला असतो. तो विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, मेमरीत चढवतो. त्यानंतर लॉग-इनची स्क्रीन येते.

कंपनीचा लोगोही दिसत नसेल तर दोष हार्डवेअरचा समजा. विंडोज दहा वेळा टाकून उपयोग नाही. लोगो आला आणि मग काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळ आली, तर ड्राइव्ह किंवा बूट मॅनेजरकडे बघायचं. गोल फिरणारे ठिपके दिसले तर विंडोज सुरू होऊन वाटेत अडखळलं आहे, म्हणजे संशय ड्रायव्हर, अपडेट किंवा खराब झालेल्या फाइलवर. लॉग-इन होऊन मग गडबड होत असेल तर अर्धं काम झालंच म्हणायचं.

जो काही मेसेज येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" यावरून कुणालाच निदान करता येत नाही.

लोगोसुद्धा येत नाही, स्क्रीन काळीच राहते. काय करू?

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटरची वायर सगळं काढा. बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बोर्डावर साठून राहिलेला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून चालू करा. ऐकायला हा टोटका वाटतो, पण झोपेतून नीट न उठलेले बरेच लॅपटॉप एवढ्यावर जागे होतात. त्यानंतर बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडून बघा. तिथे चित्र आलं तर कॉम्प्युटर ठीक आहे, बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा.

डेस्कटॉपमध्ये पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, या तक्रारीत पहिला संशय रॅमवर घ्यायचा. वायर काढून, कॅबिनेट उघडून, हात एखाद्या धातूला लावून रॅमची पट्टी बाहेर काढा. तिच्या सोनेरी टोकांवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका आणि दोन्ही बाजूंचा खटका बसेपर्यंत ती परत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळा संपता संपता अशा तक्रारी वाढतात. दमट हवेने संपर्काच्या जागा काळवंडतात. रोज वापरात असलेल्या यंत्राला हा त्रास कमी होतो, कारण ते आतून गरम राहतं. मेच्या सुट्टीत बंद करून जुलैत उघडलेल्या यंत्राला जास्त.

पंखाही फिरत नसेल तर एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), वायर, बोर्डाचं बटण. इथून पुढे कारागिराचं काम. एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतकी वीज राहू शकते.

बीप वाजतात, त्यांचा अर्थ काय?

फर्मवेअर स्क्रीनशिवाय बोलतं ते असं. लांब-आखूड बीपचा किंवा लुकलुकणाऱ्या दिव्याचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मॉडेलच्या माहितीपुस्तिकेशी ताडून बघा.

"नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" असं येतं. हार्ड डिस्क गेली का?

गेली असेलच असं नाही. आधी लावलेला पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड काढा. कधीकधी कॉम्प्युटर बिचारा झेरॉक्सवाल्याकडून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये विंडोज शोधत बसलेला असतो.

मग बायोसमध्ये जा. चालू करताच डेल, एसर आणि बऱ्याच असूस लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२, आणि डेस्कटॉपच्या बहुतेक बोर्डांवर डिलीटची कळ टकटक दाबत राहा. तिथे एकच गोष्ट बघायची: स्टोरेजच्या यादीत तुमच्या ड्राइव्हचं नाव आहे का?

नाव असेल तर बूटच्या क्रमात "विंडोज बूट मॅनेजर" पहिला आणा. तिथलं घड्याळही बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरची बटणासारखी बॅटरी संपली आहे. सीआर२०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की काही बोर्ड आपल्या सेटिंग्ज विसरतात, आणि त्यात ड्राइव्ह वाचण्याची पद्धतही असते. काल एएचसीआय होती ती आज रेड झाली, किंवा इंटेलच्या नव्या यंत्रांवर व्हीएमडी नावाची ड्राइव्ह हाताळणारी सेटिंग चालूची बंद झाली, की ड्राइव्ह धडधाकट असूनही विंडोज "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून निळी स्क्रीन दाखवतं. सेटिंग होती तशी परत करा, विंडोज उघडेल. अशा कॉम्प्युटरवर फॉरमॅट मारला गेला तर डेटा फुकट जातो.

आणि ड्राइव्हचं नाव बायोसमध्येच नसेल तर?

डेस्कटॉपमध्ये साटा केबल आणि पॉवरची केबल काढून परत लावा, शक्य असेल तर केबल बदला. लॅपटॉपमधला एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेला, पट्टीसारखा ड्राइव्ह) एका स्क्रूवर बसलेला असतो, पडझडीत तो सैल होतो.

तरीही नाव नाही आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टिक-टिक आवाज येतोय? बंद करा आणि परत चालू करू नका. आतलं हेड प्लॅटरवर घासत असेल तर चालू असलेला प्रत्येक मिनिट डेटा खरवडतो. डेटा महत्त्वाचा असेल तर तो काढून देणाऱ्या लॅबकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते. एसएसडी मात्र आवाज न करता मरतो. काल ठीक, आज नाही.

गोल ठिपके फिरतच राहतात. किती वेळ थांबायचं?

"अपडेट्स चालू आहेत" अशा अर्थाची ओळ आणि टक्केवारी दिसत असेल तर दोन तास तरी द्या, फिरती हार्ड डिस्क असेल तर रात्रभर. डिस्कचा दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे. अपडेटच्या मध्यावर वीज तोडणं हे विंडोज न उघडण्याचं एक मोठं कारण आहे. भारनियमनाच्या गावात डेस्कटॉपला यूपीएस लावण्याचं खरं कारण तेच.

टक्केवारी नाही, दिवा शांत, अर्धा तास काही हालचाल नाही, तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा.

रिकव्हरीची निळी स्क्रीन कशी उघडते आणि तिथे कोणता पर्याय घ्यायचा?

ठिपके दिसायला लागताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच रिकव्हरी उघडतं. लॉग-इन स्क्रीनपर्यंत पोहोचत असाल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडा. दोन्ही जमलं नाही तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा. त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. त्यावरून सुरू करून "इन्स्टॉल"च्या ऐवजी "रिपेअर"ची ओळ निवडा.

ट्रबलशूटमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडले की सहा-सात चौकोन दिसतात. मी त्यांचा क्रम असा लावतो. आधी स्टार्टअप रिपेअर, एकदाच. त्याने जमलं नाही तर तेच परत परत चालवून काही होत नाही. अडचण अपडेटनंतर सुरू झाली असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. मग सिस्टिम रिस्टोअर. यात तुमच्या फाइलना हात लागत नाही, फक्त त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर जातात. अर्थात रिस्टोअर पॉइंट बनवणं आधीपासून चालू असायला हवं, आणि पुष्कळ यंत्रांवर ते बंदच असतं.

त्यानंतर स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड: रीस्टार्ट झाल्यावर यादीत ४ दाबा, इंटरनेटसह हवा असेल तर ५. सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालतं. तिथे नीट उघडलं म्हणजे ड्राइव्ह आणि मूळ विंडोज शाबूत आहे, आगाऊपणा कुठल्यातरी ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा. शेवटी टाकलेलं काढा.

"रिसेट धिस पीसी" सगळ्यात शेवटी. "कीप माय फाइल्स" निवडलं तरी टॅली, फोटोशॉप, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असं नंतर टाकलेलं सगळं जातं.

४८ आकडी बिटलॉकर की मागतोय. मी तर कधी असं काही लावलंच नव्हतं!

तुम्ही नाही, विंडोजने लावलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉग-इन केलं की ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो, आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून हे आणखी सर्रास झालं आहे. एरवी त्याची जाणीवही होत नाही. बायोस अपडेट केला, सिक्युअर बूट बंद केलं किंवा मदरबोर्ड बदलला, की विंडोजला वाटतं ड्राइव्ह कुणीतरी चोरून दुसऱ्या यंत्राला लावला, आणि ते की मागतं.

ती की ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला त्या खात्यात असते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर लॉग-इन करून डिव्हाइसेसखाली बघा. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली अक्षरं तिथल्या नोंदीशी जुळली पाहिजेत. खरी पंचाईत पुढेच आहे: आपल्याकडे लॅपटॉप पुष्कळदा दुकानदार, भाचा किंवा ऑफिसातला आयटीवाला सुरू करून देतो, स्वतःच्याच ईमेलने. तुमच्या खात्यात नसेल तर त्यांना विचारा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की ऑफिसकडे असते.

की कुठेच नसेल तर ती कुणीही काढून देऊ शकत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही. कुलूप तोडून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. आज तुमचा लॅपटॉप ठीक चालत असेल तर आजच की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

विंडोज उघडत नाही, पण फाइल आधी बाहेर काढायच्या आहेत. जमेल?

ड्राइव्ह जिवंत असेल तर जमेल, आणि हेच पहिलं काम असावं.

सोपा मार्ग रिकव्हरीतच लपलेला आहे. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नोटपॅड सुरू करण्यासाठी त्याचं नाव टाइप करा. नोटपॅडच्या फाइल मेनूतलं ओपन निवडा आणि खाली फाइल प्रकारात "ऑल फाइल्स" करा. आता त्या छोट्या खिडकीत तुमचे सगळे ड्राइव्ह दिसतील. यूझर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. एका वेळी एकच फोल्डर उचलता येतो आणि कॉपी चालू असताना खिडकी गोठल्यासारखी वाटते, म्हणून घाबरून बंद करू नका. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात; नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर दचकू नका.

डेटा जास्त असेल तर उबुंटूचा (हा लिनक्सचाच एक प्रकार) लाइव्ह पेन ड्राइव्ह बरा. इन्स्टॉल न करता "ट्राय" निवडायचं. तिसरा मार्ग म्हणजे ड्राइव्ह काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं. केसिंग घेताना साटा आणि एनव्हीएमई यातला फरक दुकानदाराला सांगा. बिटलॉकर असेल तर तिन्ही मार्गांवर की लागेलच.

एवढा आग्रह का, तर एसएसडीमुळे. जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही सॉफ्टवेअरने बरंच परत मिळायचं. एसएसडीवर फॉरमॅट होताच ट्रिम नावाची सोय त्या जागा मोकळ्या झाल्याचं ड्राइव्हला कळवते, आणि ड्राइव्ह त्या साफ करून टाकतो. "फॉरमॅटनंतर काढून देऊ" हे आता सहसा होत नाही.

मी काहीच केलं नाही. रात्री ठीक होता, सकाळी निळी स्क्रीन. असं कसं?

होतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल पाठवली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या स्क्रीनच्या फेऱ्यात अडकली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

विंडोज मोडलं नव्हतं, ड्राइव्ह खराब नव्हते. सेफ मोडमध्ये जाऊन ठरावीक फोल्डरमधली "सी-०००००२९१" ने सुरू होणारी फाइल पुसली की यंत्र उठायचं. काही तर परत परत रीस्टार्ट करूनच सुधारली, कारण कोसळण्याआधीच्या क्षणात दुरुस्त फाइल उतरायची. पण प्रत्येक यंत्रापाशी माणूस जायला हवा, आणि बऱ्याच ठिकाणी बिटलॉकर की हवी, म्हणून कित्येक कंपन्यांना दिवसच्या दिवस लागले. घरच्या कॉम्प्युटरना झळ बसली नाही, कारण फाल्कन कंपन्याच वापरतात.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये क्विक मशीन रिकव्हरी आणली. यंत्र सुरू होत नसेल तर ते रिकव्हरीतूनच इंटरनेटला जोडून उपाय शोधतं. आणखी एक बदल: २०२५ पासून विंडोज ११ कोसळल्यावर येणारी निळी स्क्रीन काळी झाली आहे. काळी आली म्हणजे काही नवीन रोग नव्हे.

स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचा फोन नंबर आलाय. फोन करू?

नाही. खऱ्या एरर स्क्रीनवर फोन नंबर कधीच नसतो. ते ब्राउझरचं पान आहे, फसवणूक आहे. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

लॉग-इन होतो, मग काळी स्क्रीन आणि नुसता कर्सर.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फरक नाही पडला तर टास्क मॅनेजर उघडून "रन न्यू टास्क"मध्ये एक्सप्लोरर टाइप करा. डेस्कटॉप आला, पण पुढच्या वेळी परत तेच, तर सेफ मोडमधून ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नवा टाका.

यूट्यूबवर कमांड दिल्या आहेत. त्या चालवू का?

कोणती कमांड काय करते ते कळल्याशिवाय नको. "बूटरेक" च्या जुन्या कमांड बायोसच्या काळातल्या. यूईएफआयच्या यंत्रावर त्यातली फिक्सबूट बहुधा "ॲक्सेस इज डिनाइड" म्हणते, आणि मग लोक तासभर तिथेच अडकतात. आज बूट मॅनेजर नव्याने लिहायला बीसीडीबूट पुरते. आधी डिस्कपार्टमध्ये व्हॉल्यूमची यादी काढून विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते बघायचं. त्याच डिस्कपार्टमध्ये "क्लीन" ही कमांड निवडलेल्या डिस्कचे सगळे पार्टिशन न विचारता उडवते. व्हिडिओत ती दिसली की थांबा.

डिस्कवरच्या चुका शोधणाऱ्या चेक-डिस्क या कमांडबद्दल वेगळं सांगतो. ती दुरुस्त करते हे खरं, पण मरायला टेकलेल्या डिस्कला ती पूर्ण वाचायला लावते आणि तेवढ्या श्रमात डिस्क मान टाकू शकते. आधी कॉपी, मग चेक-डिस्क.

बंद करून चालू केलं तरी तीच अडचण, पण रीस्टार्टने गेली. का?

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन केलं तरी गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत चढवली जाते, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

विंडोजसोबत लिनक्स होतं. त्याचं पार्टिशन उडवलं आणि आता "ग्रब रेस्क्यू" येतंय.

ग्रब म्हणजे लिनक्सचा बूट मॅनेजर; त्याच्या फाइल त्या पार्टिशनबरोबर गेल्या. विंडोज जागेवर आहे. बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

मग फॉरमॅट कधी करायचा?

डेटा बाहेर निघाला आहे, ड्राइव्हची तब्येत ठीक आहे, आणि रिपेअर, रिस्टोअर, सेफ मोड, बीसीडीबूट यातलं काही चाललं नाही, तेव्हा. व्हायरसने पोखरलेल्या यंत्रावर तर लगेच. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज अस्सल असेल तर परवाना त्या मदरबोर्डशी जोडलेला असतो. होम होतं तर होमच टाका, की न विचारता ॲक्टिव्हेट होईल. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना ड्राइव्हच दिसत नाही. तिथे ड्राइव्ह ओळखण्यासाठी इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर द्यावा लागतो. डिस्क खराब आहे असं सांगून नवी विकण्याची ती जागा आहे, सावध असा.

दुकानात देताना काय सांगू?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला द्या की गल्लीतल्या ओळखीच्याकडे, मेसेजचा फोटो दाखवा आणि "मला न विचारता फॉरमॅट मारायचा नाही" हे जॉब शीटवर लिहून घ्या. ड्राइव्हचा सीरियल नंबर टिपून ठेवा. दुरुस्तीनंतर विंडोज कोणतं टाकलं ते विचारा. क्रॅक केलेलं असेल तर नको म्हणा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे यंत्र झेपणारं असेल तर नव्याने टाकताना ११ च मागा. परत मिळाल्यावर दुकानातच दोनदा पूर्ण बंद करून चालू करून बघा, आणि लॉग-इन कुणाच्या ईमेलने केलं आहे तेही तिथेच तपासा.